मागची बाजू

एकास सत्त्याऐंशी.
म्हणजे फलाटावर मी अंगठा टेकवला
तर तिकीटखिडकी आणि तिच्यापुढची रांग
दोन्ही झाकून जातात.

टॅलो क्रीकचं स्टेशन बांधत होतो,
जॉर्जियात, माझ्या गॅरेजमध्ये,
पाणी तापवायच्या टाकीशेजारी,
ऑक्टोबरपासून.
खरं स्टेशन एकाहत्तर साली पाडलं.
आता तिथे टायरचं दुकान आहे.
उरलाय एक फोटो, समोरून काढलेला, भर दुपारचा.
कोपऱ्यात हातगाडीला टेकून एक हमाल.
त्याला मी पाच फूट आठ इंच धरलं
आणि त्याच्यावरून बाकीचं मोजलं:
दार किती, छज्जा किती, धुराडं किती.
अख्खी इमारत त्या माणसाच्या खांद्यावर.

बासवुडच्या पट्ट्या कापल्या,
प्रत्येकीच्या टोकाला सुईने दोन टोचे,
खिळे नव्हेत, खिळ्यांच्या जागा.
लोरेटा म्हणाली, हे बघणार कोण?
कुणी नाही, म्हटलं, आणि पुढची पट्टी घेतली.
लोखंडी काथ्या आठवडाभर व्हिनेगरमध्ये भिजवून
त्या पाण्याने लाकूड म्हातारं केलं,
एका रात्रीत पन्नास वर्षांनी.
खिडकीची एक काच मुद्दाम तडकवली.

मागची बाजू फोटोत नव्हती.
तिथे सरळ भिंत घातली,
पन्हाळीखाली चिमूटभर शेवाळ.
त्या स्टेशनात लहानपणी मी कितीदा तरी गेलोय,
आजोबांचं बोट धरून. समोरून.
मागे काय असणार?

मे महिन्यात लायब्ररीत मांडलं.
पोरं आली, शिटी वाजवून गेली.
मग मिस ओझेला ट्रिबल आल्या,
एकोणनव्वद वर्षं, जांभळी हॅट, रबरी टोकाची काठी.
समोरून त्यांनी पाहिलंच नाही.
टेबलाला वळसा घालून मागे गेल्या,
वाकल्या,
बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"मिस्टर हॉल्कम, आम्ही आत कुठून जायचो?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"दार इथे होतं."
नख शेवाळावर टेकलं.
"अरुंद. हिरवं. पायऱ्या नव्हत्या,
तीन विटा मांडलेल्या, मधली डुगडुगायची.
आतली खिडकी तुमची रांग संपल्यावर उघडायची.
गाडी कधीकधी त्याआधीच सुटायची.
वर पाटी होती. ती नाही लिहिलीत तरी…"
थांबल्या.
"नाही. लिहाच."

मग फोटो हातात घेतला, चष्मा वर केला.
"हा क्लीओफस. माझा मामा."
कसंबसं विचारलं, उंची किती असेल त्यांची?
"सहा फूट दोन. त्या दारातून वाकून जायचा.
सगळ्याच दारांतून वाकायचा म्हणा,
पण त्या दारातून जास्त."

रात्री गॅरेजमध्ये कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.
अडुसष्ट इंच, चौऱ्याहत्तर इंच.
जवळजवळ बारावा हिस्सा.
तेवढं माझं स्टेशन बुटकं होतं,
प्रत्येक दार, प्रत्येक फळी, ते अकराशे टोचेसुद्धा.
दुरुस्ती होण्यासारखं काही नव्हतं.

पट्ट्या नव्याने मागवल्या.
या खेपेला मागून सुरुवात केली.
दार सात मिलिमीटर.
रंगाचं काही नक्की नाही,
मिस ट्रिबल परवा फोनवर म्हणाल्या, निळंही असेल,
आणि मग, "नाही, हिरवंच."
भिंगाखाली पाटी रंगवली, 'कलर्ड',
सहा अक्षरांची केसाएवढ्या ब्रशने.
तीनदा पुसली.
हात थरथरत नव्हता.

क्लीओफसला अजून उभं केलेलं नाही.
त्याच्या हातगाडीची चाकं व्हायचीत.

खाली तीन विटा ठेवल्या, तांदळाच्या कणीएवढ्या.
मधलीला गोंद लावला नाही.